एका घरातले दोन बाप्तिस्मे

नात्यात किंवा ओळखीत कुणी धर्म बदलला, की बाकीचे कारण शोधायला बसतात आणि बहुतेकदा दोनच कारणांपाशी थांबतात. ‘काहीतरी मिळालं असेल,’ नाहीतर ‘कुणीतरी डोक्यात भरवलं असेल.’ पहिल्या उत्तरात तो माणूस लोभी ठरतो, दुसऱ्यात भोळा. तिसरी शक्यता आपल्याला सुचतच नाही, ती म्हणजे त्याने वर्षानुवर्षं विचार केला असेल आणि किंमत मोजून निर्णय घेतला असेल.

मुळात धर्म बदलणारी माणसं फार थोडी. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९-२०मध्ये भारतात जवळजवळ तीस हजार लोकांना त्यांच्या धर्माविषयी विचारलं. ज्या धर्मात वाढलो त्यातच आजही आहोत, असं त्यांपैकी ९८ टक्के लोकांनी सांगितलं. म्हणजे जन्माने मिळालेला धर्म आपण सहसा सोडत नाही. मग उरलेले थोडे लोक प्रवाहाविरुद्ध का जातात?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मराठीत एक विलक्षण घर आहे. कवी नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पुढची चार-पाच वर्षं त्यांनी नवऱ्यापासून दूर नातलगांच्या आधाराने काढली. नंतर त्या त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. घर एक, जात एक, संस्कार जवळजवळ सारखे. तरी दोघांची वाट वेगळी, वेळ वेगळी आणि कारणंही वेगळी. या एका जोडप्याकडे नीट पाहिलं तरी धर्मांतराबद्दलचे आपले बरेचसे ठोकताळे कोलमडतात.

आधीची अस्वस्थता

टिळकांची गोष्ट सांगताना लोक आगगाडीच्या डब्यापासून सुरुवात करतात. १८९३मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटले. काव्यावरून बोलणं निघालं, ते धर्मावर आलं. निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं. सुरुवातीला मन रमेना, पण येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना.

गोष्ट खरी आहे, पण अपुरी. त्या काळी मिशनरी अशी पुस्तकं हजारोंनी वाटत होते आणि त्यांतली बहुतेक फडताळात पडून राहत होती. मग याच एका प्रतीने याच एका माणसाला का धरलं? कारण प्रश्न त्यांच्याकडे आधीपासून होता. टिळक संस्कृतचे जाणकार होते, कीर्तनं करत, कविता लिहीत. नागपुरात ‘ऋषी’ नावाचं धर्मविषयक मासिक त्यांनी चालवलं होतं. एका गावात, एका नोकरीत ते टिकत नसत. देशाला वर यायचं तर धर्माला नवं चैतन्य हवं, या विचाराने त्यांना पछाडलं होतं आणि जातिभेद मान्य करणारा धर्म ते चैतन्य देईल का, ही शंका सोडत नव्हती. डब्यातल्या त्या गृहस्थांनी हा प्रश्न निर्माण केला नाही. प्रश्न घेऊन हिंडणाऱ्या माणसाच्या हाती त्यांनी एक पुस्तक दिलं.

पंडिता रमाबाईंचा प्रश्न याहून जिवावरचा होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आयुष्यभर तीर्थयात्रा केल्या, पुराणं सांगितली, मुलीला संस्कृत शिकवलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नान्नदशेला लागलं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. इतकी व्रतं, इतकी उपासना, आणि देव धावला नाही. उरलेले बहीण-भाऊ चालत चालत १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरवलं. ज्या शास्त्रांच्या अभ्यासाबद्दल हा मान मिळाला, त्याच शास्त्रांत स्त्रीविषयी काय लिहिलं आहे हे त्या बारकाईने वाचत होत्या. ते वाचून त्यांचं मन विटलं. शास्त्रांच्या लेखी स्त्रीला स्वतःच्या हिमतीवर मोक्ष नाही, मग माझ्यासारखीने जायचं कुठे?

पुढे इंग्लंडमध्ये सिस्टर्सच्या मठात राहत असताना, लंडनमधल्या फुलम इथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी चाललेलं काम त्यांनी पाहिलं. ज्यांना आपल्याकडे कुणी उंबऱ्याशीही उभं केलं नसतं, त्यांना इथे जेवण, काम आणि माया मिळत होती. हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची बायबलमधली गोष्ट सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंना तत्त्वज्ञानाच्या वादात कुणी हरवलं नव्हतं. त्यांच्या जिवाला लागलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कृतीत दिसलं होतं.

एका रात्रीत की अनेक वर्षांत?

धर्मांतराच्या जुन्या कथांमध्ये वीज कोसळते. दमास्कसच्या वाटेवर पौलाला प्रकाश दिसतो आणि ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा हा माणूस त्यांचाच प्रचारक होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी अशा अनेक कबुल्या, पत्रं आणि आत्मचरित्रं गोळा करून १९०१-०२मध्ये एडिंबरोला व्याख्यानं दिली. १९०२मध्ये निघालेलं त्यांचं पुस्तक या विषयावर आजही वाचलं जातं. त्यांचं म्हणणं असं, की काही माणसांचं मन दुभंगलेलं असतं. एक भाग जुन्याला धरून असतो, दुसरा त्याला कंटाळलेला असतो. हा झगडा जाणिवेच्या खाली चालू राहतो. एके दिवशी तोल दुसऱ्या बाजूला जातो आणि त्या माणसाला स्वतःलाच वाटतं, हे अचानक झालं.

दुधाला विरजण लावलं की काय होतं ते आठवा. दूध कोमट लागतं. उकळत्या दुधात विरजण मरतं, गार दुधात ते लागत नाही. विरजण चमचाभरच पुरतं. मग रात्रभर भांडं झाकलेलं असतं, त्यात काय चाललंय ते दिसत नाही आणि सकाळी दही तयार असतं. ज्याने फक्त सकाळी झाकण काढलं, त्याला एका क्षणात चमत्कार झाल्यासारखा वाटेल. धर्माविषयीच्या कडाक्याच्या वादातून कुणाचं मतपरिवर्तन होताना सहसा दिसत नाही, ते याचसाठी. वादात मन तापलेलं असतं. ज्याला प्रश्नच पडलेला नाही त्याचं मन गार असतं. दोन्ही ठिकाणी चमचाभर विरजण वाया जातं.

टिळकांच्या बाबतीत ती झाकलेली रात्र सुमारे दोन वर्षांची होती. ते मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार करत होते, शंका विचारत होते, घरात फारसं बोलत नव्हते. म्हणून घरच्यांना मात्र खरोखरच वीज कोसळल्यासारखं वाटलं.

पटण्याआधीची ओढ

आता लक्ष्मीबाई. बाप्तिस्म्याची बातमी कळल्यावर त्यांची जी अवस्था झाली, ती त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. पदरात लहान मुलगा. तरीही त्यांनी धर्म बदलला नाही. पुढे नगरला टिळकांकडे राहायला आल्यावरही त्या आपलं सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवत होत्या आणि टिळकांनी ते चालू दिलं. मत बदलण्याआधी सहवास सुरू झाला.

असंच काहीसं दूरच्या मुलुखात पुढे संशोधकांना आढळलं. जॉन लॉफ्लंड आणि रॉडनी स्टार्क हे समाजशास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात कोरियातून आलेल्या एका छोट्या नव्या पंथाचं निरीक्षण करत होते. त्यांचा निष्कर्ष १९६५मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने या विषयाची दिशाच बदलली. पंथाची शिकवण ऐकून, ती पटून आत आलेले लोक त्यांना फारसे दिसले नाहीत. पंथातल्या कुणाशी तरी मैत्री जडलेले लोक आत येत होते. बाहेरच्या माणसांशी असलेले धागे सैल आणि आतल्या माणसांशी असलेले घट्ट झाले, की शिकवणही हळूहळू पटू लागत होती. ज्यांचे बाहेरचे धागे मजबूत होते, ते उत्सुकता दाखवूनही परत जात होते.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी नवऱ्यासाठीच! इथे मला लक्ष्मीबाईंची बाजू घ्यावीशी वाटते. नवऱ्याच्या ओढीने त्या त्याच्या घरापर्यंत आल्या, पण उंबरठा त्यांनी स्वतःच्या विचाराने ओलांडला. जातिभेद देवाने केला की माणसाने, यावर एकदा त्यांनी एकांतात मनाशी सगळा झाडा घेतला. जन्म, मरण, भूक, राग, लोभ हे सगळ्यांना सारखंच आहे, असं त्यांना दिसलं. त्या दिवसापासून त्यांनी विटाळ मानणं सोडलं. ख्रिस्ती होणं त्यानंतरचं. सहवासामुळे नवी शक्यता जवळून पाहायला मिळते. तिचं काय करायचं, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

लग्नासाठी धर्म बदलणं हा याच ओढीचा सर्वांत परिचित प्रकार. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने आपापला धर्म ठेवून लग्न करण्याची सोय केली आहे, तरी अनेक जण धर्म बदलतात. कधी सासरच्या आग्रहाखातर, कधी मुलांच्या सोयीसाठी, आणि कधी त्या घरातली उपासना मनापासून आवडली म्हणूनही.

पण ओढीचं सूत्र सगळ्यांना लागू पडत नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी हे त्याचं ठळक उदाहरण. त्यांच्या आसपास एकही बौद्ध नव्हता. १८९७च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मासिकात त्यांना बुद्धाचं छोटं चरित्र वाचायला मिळालं. हे मासिक ख्रिस्ती मिशनने मुलांसाठी चालवलेलं, हा इतिहासातला एक सुंदर योग. त्या वाचनाने हा तरुण इतका झपाटला, की १८९९च्या अखेरीस घर सोडून आधी पुण्याला गेला. मग काशी, नेपाळ, बुद्धगया असं करत १९०२मध्ये श्रीलंकेला पोहोचला. तिथे त्यांना पाली शिकायला मिळाली आणि प्रव्रज्याही मिळाली. कोसंबींना आधी शिकवण भेटली आणि ती शिकवण पाळणारी माणसं शोधायला त्यांनी उपखंड पालथा घातला. या प्रवासाची किंमत घरी राहिलेल्या पत्नीने आणि तान्ह्या मुलीने मोजली, हेही विसरता कामा नये.

> चौकट : वाटेवरचे मुक्काम
> धर्मांतराचे अभ्यासक लुईस रॅम्बो यांनी १९९३च्या आपल्या पुस्तकात या प्रवासाचे सात भाग मांडले. आधी माणसाची परिस्थिती, म्हणजे त्याचं घर, समाज आणि काळ. त्यात एखादा पेच उभा राहतो. पेचातून शोध सुरू होतो. शोधात नव्या वाटेवरचं कुणीतरी भेटतं, माणूस किंवा पुस्तक. मग सहवास, मग निश्चय, जो सहसा एखाद्या विधीने जाहीर होतो. शेवटी त्या निश्चयाचे आयुष्यभराचे परिणाम. हा क्रम पक्का नसतो, असं रॅम्बो स्वतःच सांगतात. लक्ष्मीबाईंचा सहवास शोधाच्या आधी आला. कोसंबींना माणसं सर्वांत शेवटी भेटली.

‘काय मिळालं?’

आमिष, दडपण आणि सक्ती यांनी झालेली धर्मांतरं इतिहासात आहेत. सोळाव्या शतकातल्या गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली आणि कायद्याच्या बळावर लोकांना धर्म बदलायला लावलं. १८७६-७८च्या दुष्काळात नगरकडच्या मिशनांनी लोकांना अन्न आणि काम दिलं, त्यानंतर गावकुसाबाहेरचे पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. यातलं पोटासाठी किती आणि मनापासून किती, याचा हिशेब आज कुणी करू शकणार नाही. उपासमारीत ज्याने जेवायला घातलं, त्याच्या देवाबद्दल आदर वाटणं हेही मला खोटं वाटत नाही.

मात्र ‘काय मिळालं’ असं विचारताना ‘काय गेलं’ हेही विचारायला हवं. एकोणिसाव्या शतकात धर्म बदलणाऱ्याला जात वाळीत टाकायची. वडिलोपार्जित मालमत्तेवरचा त्याचा हक्क शाबूत राहावा म्हणून कंपनी सरकारला १८५०मध्ये कायदा करावा लागला. टिळकांनी नातेवाईक गमावले आणि काही वर्षं बायको-मुलगाही. रमाबाईंवर पुण्यातल्या वृत्तपत्रांनी झोड उठवली. त्यांच्या बाजूने खणखणीत उभे राहिलेल्या थोड्या लोकांमध्ये जोतीराव फुले होते. त्यांनी १८८५मध्ये ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या निर्णयाचं समर्थन केलं. आणि १९५६मध्ये आंबेडकरांबरोबर जे बौद्ध झाले, त्यांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींसाठीच्या सवलतींच्या बाहेर राहावं लागलं. बौद्धांचा त्या यादीत समावेश करणारी दुरुस्ती १९९०मध्ये झाली. म्हणजे मधली चौतीस वर्षं हा निर्णय घाट्याचाच होता, आणि तरीही लोक त्यावर ठाम राहिले.

बाबासाहेब आंबेडकरांना वैयक्तिक आणि सामूहिक अशी दोन्ही कारणं होती. १९०७मध्ये मॅट्रिक झाल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं. तेव्हापासून बुद्ध त्यांच्या मनात होता. पण त्यांनी आधी घरातच न्याय मिळतो का ते पाहिलं. १९२७मध्ये महाडचं चवदार तळं, १९३०पासून नाशिकचं काळाराम मंदिर, दोन्हीकडे सत्याग्रह केले. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या महार परिषदेत केलेल्या भाषणात त्यांनी ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही अंगांनी धर्मांतराचा विचार मांडला. माणुसकीची वागणूक मिळणं ही ऐहिक गोष्ट आहे म्हणून ती हलकी, असं त्यांनी मानलं नाही. मग निरनिराळे धर्म पारखण्यात एकवीस वर्षं गेली आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा झाली. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बौद्धांची संख्या सुमारे २८ लाखांवर गेली.

लॉफ्लंड आणि स्टार्क यांच्या धाग्यांची गोष्ट इथे पुन्हा उपयोगी पडते. टिळक एकटे गेले, म्हणून त्यांचे सगळे धागे तुटले. नागपूरनंतर मात्र घरंच्या घरं, वस्त्याच्या वस्त्या एकदम बौद्ध झाल्या. आई, मामा, शेजारी, सोयरे सगळे बरोबरच असल्यामुळे नाती सोडायची पाळी सहसा कुणावर आली नाही. एकट्याला जे ओझं उचललं नसतं, ते लाखोंनी वाटून घेतलं. तरी घरातले जुने देव बाहेर काढताना प्रत्येक बाईने आणि प्रत्येक बाप्याने मनाशी जे काही ठरवलं असेल, ते ज्याचं त्याचंच.

नंतर सांगितलेली गोष्ट

धर्म बदललेल्या माणसाला ‘का’ असं विचारलं, तर तो आज ज्या जागी उभा आहे तिथून मागे वळून उत्तर देतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जेम्स बेकफर्ड यांनी यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या लोकांच्या मुलाखती घेऊन १९७८मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. या पंथात चिकाटीच्या अभ्यासाला मान आहे, म्हणून त्याचे सदस्य आपलं परिवर्तन हळूहळू, अभ्यासातून झालं असं सांगतात. याउलट, ज्या मंडळ्यांमध्ये एका क्षणात होणाऱ्या नवजन्माला महत्त्व आहे, तिथले लोक तारीख आणि वेळ सांगतात. यात कुणी खोटं बोलत नसतं. नव्या घराची भाषा शिकताना माणूस स्वतःचा भूतकाळही त्या भाषेत नव्याने वाचायला लागतो. पूर्वी ज्याकडे लक्ष गेलं नव्हतं तो प्रसंग आता खूण वाटतो.

म्हणून विधीची तारीख ही मनाची तारीख असेलच असं नाही. रमाबाईंनी १९०७च्या आपल्या निवेदनात हे फार प्रांजळपणे लिहिलं आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही, आणि तिथून त्यांचा दुसरा प्रवास सुरू झाला. टिळकांचं उलट. मनाने ते बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी पलीकडे गेले होते, विधी मागून आला.

बरोबर काय येतं?

धर्म बदलला म्हणजे जुना माणूस पुसला जातो, ही समजूत नव्या धर्माच्या उत्साही मंडळींची आणि जुन्या धर्माच्या संतप्त मंडळींची सारखीच असते. प्रत्यक्षात माणूस आपले जुने प्रश्न, जुनी भाषा आणि जुना स्वभाव घेऊनच पलीकडे जातो. टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग लिहिले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. त्यांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ओवीतच पुढे नेलं. १९१७मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. ज्या अस्वस्थपणाने त्यांना जन्माच्या धर्माबाहेर नेलं, त्यानेच पुढे मिशनच्या चौकटीबाहेरही नेलं.

रमाबाईंनीही शास्त्र्यांसमोर वाकवली नव्हती ती मान बिशपांसमोर वाकवली नाही. त्यांना दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. ती कशासाठी, संस्कृत का नकोत, असं त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना कळवलं. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून दोघींची पत्रापत्री बराच काळ चालली. धर्मात बाईला जागा कुठे, हा कलकत्त्यातला प्रश्नही त्यांनी सोडला नव्हता. केडगावच्या आपल्या मुक्तिसदन या संस्थेत त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर एकटीने करायला घेतलं. ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या तेव्हा ते पूर्ण झालेलं होतं. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तिसदनातल्या बायकांनी केलं. त्यांतल्या कितीतरी जणी बालविधवा होत्या, कितीतरी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या, आणि अक्षरओळख त्यांना त्याच आवारात झाली होती.